लिनक्समध्ये आधीपासून कुठला ब्राउजर येतो तेही बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

लिनक्स (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकताना सोबत कुठला ब्राउजर येतो हे कुणी बघतच नाही, जो समोर दिसेल तोच लोक वर्षानुवर्षं वापरतात. 2015 मध्ये डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारातला क्रोमियम (गूगल क्रोम ज्यावर बेतलाय तो ब्राउजर) आवाज ओळखणारं, आतला कोड कुणाला बघता न येणारं एक्स्टेंशन म्हणजे जोड-प्रोग्राम न विचारता डाउनलोड करत होता, लोकांनी बग नोंदवला, आरडाओरड केली तेव्हा कुठे ते बंद झालं. फायरफॉक्सनेही फेब्रुवारी 2025 मध्ये डेटा कधीच विकणार नाही हे आश्वासन साइटवरून काढलं, शिवाय तो बनवणाऱ्या मोझिलाचा बराचसा पैसा गूगलकडूनच येतो. तरी माझं मत फायरफॉक्स ईएसआरलाच (त्याची जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती), कारण सिक्युरिटी अपडेट वेळेवर येतात आणि टेलिमेट्री, म्हणजे आपल्या वापराची माहिती कंपनीला पाठवणं, बंद करता येते. फक्त डिस्ट्रोवाल्यांनी (डेबियनसारखे लिनक्सचे प्रकार तयार करणाऱ्यांनी) ती आधीच बंद करून द्यावी, नवख्या माणसाला सेटिंगमधली ती टिक कुठे सापडणार?

– एक वाचक, नाशिक