ऐकणाऱ्याला उठून जाता आले पाहिजे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती लोकांनी आपल्या श्रद्धेविषयी चारचौघांत बोलावे की नाही, यावर आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात गेले काही दिवस मते प्रसिद्ध होत आहेत. बसथांब्यावर हाती पडलेल्या पत्रिकेबद्दल एका वाचकाने नाराजी व्यक्त केली. धर्म ही घराच्या उंबरठ्याआत ठेवण्याची गोष्ट आहे, असे दुसऱ्याने सुचविले. आमच्याच समाजातील एका बंधूंनी तर, राज्यघटनेने अधिकार दिलेला असताना चर्चा कशाला, असे म्हणून विषयच मिटवून टाकला. मी तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती आहे आणि चौतीस वर्षे रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालो आहे. या तिन्ही पत्रांत थोडेथोडे तथ्य असले तरी मूळ अडचणीला एकानेही हात घातलेला नाही, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

कायद्याचा भाग आधी थोडक्यात सांगतो, कारण तो तुलनेने स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे. ‘प्रसार’ हा शब्द ठेवावा की नाही यावर घटना समितीत बरीच चर्चा झाली आणि अखेर तो ठेवण्यात आला. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने, प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा अधिकार येत नाही, असा निर्णय दिला. या निर्णयावर आमच्यात आजही मतभेद आहेत. माझ्यापुरते म्हणाल तर तो मला जाचत नाही, कारण कोणाला ‘धर्मांतरित करणे’ हे माणसाच्या हातचे काम आहे असे मी मानतच नाही. पण जे कायद्याने करता येते ते प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक वेळी करावेच असे नसते, आणि खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

तो प्रश्न मला ज्या दिवशी कळला तो दिवस मी विसरलेलो नाही. वयाच्या विशीत आमच्या तरुण संघाबरोबर मी रविवारी दुपारी शहरातील एका मोठ्या रुग्णालयात जात असे. हातात शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिका, थोडी संत्री आणि मनात अमाप उत्साह. एका खाटेवर कंबरेचे हाड मोडलेल्या एक वृद्ध बाई होत्या. मी त्यांच्या उशाशी बसून जवळजवळ अर्धा तास बोललो. त्या मान हलवीत होत्या, आणि आज किती छान ऐकून घेतले, असे मला वाटत होते. मी निघालो तेव्हा त्यांचा मुलगा माझ्यामागोमाग व्हरांड्यात आला आणि आवाज न चढवता म्हणाला, “भाऊ, माझ्या आईला उठता येत नाही, म्हणून ती ऐकते.” मी काही उत्तर दिले नाही. द्यायला काही नव्हतेही. त्यानंतरही मी रुग्णांना भेटायला गेलो, संत्री नेली, कोणी सांगितले तर प्रार्थनाही केली. पण न विचारता खाटेवरच्या माणसाला उपदेश केला नाही. त्या मुलाच्या एका वाक्यात मला जे मिळाले ते अनेक शिबिरांत मिळाले नव्हते. ऐकणाऱ्याला उठून जाता आले पाहिजे. ज्याला उठून जाता येत नाही, म्हणजे रुग्ण, वर्गातला विद्यार्थी, हाताखालचा कर्मचारी, उसनवारीत अडकलेला शेजारी, त्याच्यापुढे आपण जे बोलतो त्याला साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने सांगणे, म्हणता येत नाही.

हा आक्षेप आपल्या शहराला नवा नाही. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ साली एक समिती नेमण्यात आली आणि तिचा अहवाल १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्या अहवालातील अनेक निष्कर्ष आमच्या समाजाला अन्यायकारक वाटले आणि मलाही त्यांतील काही तसेच वाटतात. तरीही शाळा, दवाखाना आणि कर्जाऊ पैसा यांच्या ओझ्याखाली असलेल्या माणसाला मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता येते का, हा त्यातला प्रश्न अहवालाशी असलेल्या मतभेदामुळे खोटा ठरत नाही. उपकार करणाऱ्याने तो स्वतःला विचारला पाहिजे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आमचे काही लोक नियोगी हे नाव निघताच चिडतात. व्हरांड्यातला तो मुलगा आणि ती समिती वेगवेगळ्या भाषेत एकच गोष्ट विचारीत होते, असे मी त्यांना सांगतो तेव्हा ते माझ्यावरही चिडतात.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही नागपूरनेच दिले आहे, आणि रेल्वेचा माणूस म्हणून ते मला विशेष प्रिय आहे. कवी नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात वास्तव्यास होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. बोलणे निघाले ते संस्कृत काव्यावर, धर्माचा विषय नंतर आला. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले, जे टिळकांना त्या वेळी हास्यास्पद वाटले. ते भाकीत मलाही फारसे आवडत नाही, कारण त्यात थोडा आगाऊपणा आहे. पण पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तो प्रवासी आपल्या वाटेने निघून गेला. मागे लागला नाही, घरी आला नाही, नोकरी देऊ केली नाही. टिळकांनी पुस्तक स्वतः वाचले, डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडखळून थांबले, स्वतःशी झगडले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काय सोसावे लागले हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. ते दुःख खरे होते आणि कोणत्याही ख्रिस्ती माणसाने त्यावरून हात फिरवून पुढे जाऊ नये. मात्र लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर काही वर्षांनी, आपल्या मनाच्या वेगाने. हावड्याच्या मार्गावर कामठी, भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगड ही स्थानके नोकरीत कितीतरी वेळा माझ्या डोळ्यांखालून गेली, आणि प्रत्येक वेळी मला त्या डब्यातल्या संभाषणापेक्षा त्यानंतरच्या दोन वर्षांच्या शांततेचे अप्रूप वाटत आले.

आता उंबरठ्याविषयी. श्रद्धा घरात ठेवा, हा सल्ला सद्भावनेने दिलेला आहे हे मी जाणतो. पण तो पाळायचा कसा? आमच्या शेजारच्या काकूंकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात आणि गेली पंचवीस वर्षे त्यांच्याकडचे जेवणाचे बोलावणे चुकलेले नाही. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, असे ते भरलेले पान. मी जेवायला जातो; आरतीच्या वेळी मागे शांत उभा राहतो, हात जोडत नाही. माझ्या मंडळीतील काही जण असे जेवण घेत नाहीत, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने या प्रश्नाचा जो ऊहापोह केला आहे तो वाचल्यावर त्यांचाही मान राखावासा वाटतो. पहिल्याच वर्षी काकूंनी सरळ विचारले, “जेवता, मग आरती का नाही हो घेत?” त्या वेळी मी ‘धर्म घरात आहे’ असे म्हणून ताटाकडे पाहिले असते तर ते खोटेपणाचे झाले असते आणि त्यांचा अपमानही. मी सांगितले: तुमच्या घरचे अन्न मला परके नाही, पण भक्ती मी एकाच ठिकाणी वाहिली आहे, आणि तुम्हाला बरे वाटावे म्हणून हात जोडले तर ती तुमच्याच देवीची थट्टा होईल. काकू म्हणाल्या, “हे बरं केलं सांगून,” आणि आणखी एक पुरणपोळी वाढली. माझ्या मते सुवार्ता सांगणे बहुतेक वेळा इतकेच असते.

पेत्राच्या पहिल्या पत्रातील एक वचन आमच्या सभांतून फार वेळा उद्धृत होते. तुमच्या ठायी असलेल्या आशेविषयी विचारपूस करणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध असा, अशा आशयाचे ते आहे, आणि ते उत्तर ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्यावे असे त्यात पुढे म्हटले आहे. उत्तर देण्यावर व्याख्याने होतात. पण आधी कोणी तरी विचारले पाहिजे, हे त्या वाक्यातच आहे, तिकडे लक्ष जात नाही. न विचारलेल्या प्रश्नांची छापील उत्तरे आम्ही वाटत सुटतो आणि विचारलेल्या प्रश्नापुढे मात्र कित्येकदा गोंधळतो.

मला विचारलेला सर्वांत कठीण प्रश्न रात्रपाळीतला आहे. माझे एक सहकारी गुरुदेव सेवा मंडळाचे होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना त्यांनी कधी चुकविली नाही. माझी पत्नी दीर्घ आजाराने गेली त्यानंतर महिनाभराने, पहाटे तीनच्या सुमारास, दोन गाड्यांच्या मधल्या निवांत वेळी त्यांनी विचारले, “तुम्ही एवढी प्रार्थना केली, भाऊ. तुमच्या देवानं ऐकलं नाही का?” यावर लहानपणापासून पाठ असलेली चार उत्तरे माझ्याजवळ होती, आणि त्या क्षणी एकही तोंडी आणण्याची हिंमत झाली नाही. मी म्हणालो की मला ठाऊक नाही. एवढेच ठाऊक आहे की आपला मेलेला मित्र लाजार याच्या कबरेपाशी, त्याला पुन्हा जिवंत करण्याआधी, येशू रडला असे योहानाने लिहिले आहे, आणि रडणारा देव मला या महिन्यात पुरला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आपल्या धाकट्या भावाच्या मृत्यूची हकीगत सांगितली, जी इतक्या वर्षांत मला माहीत नव्हती. ते अखेरपर्यंत गुरुदेवभक्तच राहिले, मी अखेरपर्यंत ख्रिस्ती. आणि त्या रात्रीनंतर आम्ही एकमेकांसाठी आपापल्या पद्धतीने प्रार्थना करीत असू, हे दोघांनाही माहीत होते. आमच्यातील एखादा उत्साही कार्यकर्ता या प्रसंगाला अपयश म्हणेल. मी म्हणत नाही.

भाषेची एक वेगळी तक्रार माझी आमच्याच लोकांविरुद्ध आहे. ‘तारण’, ‘नवा जन्म’, ‘अभिषेक’ हे शब्द उपासनेत ठीक आहेत, परंतु बाहेर त्यांचा अर्थ पोहोचत नाही, आणि ‘तारण’ म्हटल्यावर बँकेत काम करणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या डोळ्यांपुढे गहाण ठेवलेले दागिने येतात. कोकऱ्याच्या रक्ताने धुतले जाण्याविषयी एका लग्नघरी शुद्ध शाकाहारी गृहस्थांना आमच्यापैकी एकाला ऐकविताना मी स्वतः पाहिले आहे; त्यांनी हळूच खुर्ची मागे सरकवली. टिळकांनी अभंग आणि कीर्तन यांतून ख्रिस्त सांगितला तो शोभेसाठी नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या घरातली भाषा तीच होती म्हणून. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले ते धर्मोपदेशासाठीच. पण गोंड लोकांच्या परंपरा त्यांनी टिपून ठेवल्या, येथील खडक आणि जीवाश्म अभ्यासले, आणि १८६३ साली टाकळघाट परिसरात पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात शिकलेल्या कितीतरी नागपूरकरांना ही हकीगत ठाऊक नसेल. सांगण्यापूर्वी त्यांनी पुष्कळ ऐकले आणि पाहिले होते, एवढ्यासाठी तिचा उल्लेख केला.

पत्रिकेने किंवा दहा मिनिटांच्या संभाषणाने माणसे धर्म सोडून जातील अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी दीक्षाभूमीकडे पाहावे अशी माझी नम्र विनंती आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यास १९३५ साली घोषणा केली आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची आणि विचाराची होती, आणि त्या काळात त्यांना आपापल्या धर्मात बोलावणारे कमी नव्हते, ख्रिस्तीही होते. ज्या शहरात ही घटना घडली त्या शहराला, प्रौढ माणूस आपला धर्म स्वतः पारखून घेऊ शकतो, हे इतरांनी शिकवावे लागू नये. नियोगी अहवालही त्याच साली, याच शहरातला, हा योगायोग मला नेहमी विचार करायला लावतो.

बसथांब्यावरील पत्रिकेने ज्यांना त्रास झाला त्या वाचकांची, ती वाटणारा आमच्यापैकी असो वा नसो, मी क्षमा मागतो. त्याचबरोबर एक माहिती देतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या मंडळीची मुले रात्री नाताळची गीते गात मोहननगर आणि सदर भागातील ओळखीच्या घरांपुढे थांबतात. गेल्या वर्षी एका घरी दिवा मालवला गेला, तेव्हा आम्ही आवाज बारीक करून पुढे गेलो. यंदा ज्यांना आमचे थांबणे नको असेल त्यांनी शेजारच्या कोणाकडूनही तसा निरोप पाठवावा, घरांच्या यादीवर त्या नावापुढे खूण केली जाईल. आणि ज्यांना हवे असेल त्यांनी कोणते गीत हवे तेही कळवावे, कारण मुलांची तालीम नोव्हेंबरातच सुरू होते.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी,
मोहननगर, नागपूर