शेतीच्या हक्काचा कायदा आणि बांधावरचे तंटे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरभोवतीच्या कॉलन्या शेतांना भिडू लागल्या, तशा शेणखताच्या वासावरून आणि पहाटेच्या पंपाच्या आवाजावरून रहिवाशांच्या कुरबुरी सुरू झाल्या, आणि अमेरिकेसारखा ‘शेतीच्या हक्काचा’ कायदा येथेही हवा, असे आमची शेतकरी मंडळी म्हणू लागली. सांवेरकडे आमचीही थोडी वडिलोपार्जित जमीन आहे; तरी ही मागणी मला पटत नाही.

अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे आहेत. शेती आधीपासून आणि नियमाला धरून चालू असेल, तर मागाहून आलेल्या शेजाऱ्याला वास, धूळ वा आवाजावरून उपद्रवाचा दावा सहसा लावता येत नाही, असा त्यांचा ढोबळ आशय. परंतु आधी कोण आले, ही कसोटी बांधावरच्या तंट्यात काय कामाची? येथे दोन्ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या तेथेच कसत आलेली असतात. एकाने गव्हातल्या तणावर टू-फोर-डी फवारले, वारा फिरला आणि शेजारच्या हरभऱ्याचे शेंडे पिळवटले, तर शेतीचा हक्क नेमका कोणाचा राखायचा? आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये अशी एक तरतूद घटनाबाह्य ठरवली, ती याच मुद्द्यावर: भरपाई न देता शेजाऱ्यावर उपद्रव लादण्याची मुभा देणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणेच होय.

आपल्याकडचे बहुतेक तंटे वाट, पाणी आणि हद्द यांचे, आणि त्यांसाठी मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ पुरेशी आहे. कलम १३१ प्रमाणे वाटेचा वा पाण्याचा तंटा तहसीलदाराने स्थानिक चौकशी करून, पूर्वीची वहिवाट आणि सर्वांची सोय पाहून मिटवायचा असतो. कलम १२९ खाली सीमांकन मागता येते. घोडे अडते ते अंमलबजावणीत. सोयाबीन उभे असताना मोजणी होत नाही, ते निघाले की गहू पेरला जातो, आणि उन्हाळ्यात शेत मोकळे होते तेव्हा पटवारी आला तर शेजारी गैरहजर. तोवर बांध दरसाल नांगराच्या एकेका तासाने कोरला जातोच (कोरणारा बहुधा चुलतभाऊच निघतो, ही गोष्ट वेगळी). शिवाय तहसीलदाराच्या आदेशानंतरही दिवाणी दाव्याचा मार्ग खुला असल्याने, ज्याला वेळ काढायचा असतो त्याचे फावते.

म्हणून नव्या कायद्याऐवजी, गहू निघाल्यापासून पाऊस पडेपर्यंतच्या काळात सीमांकनाचे अर्ज गावोगावी शिबिरे घेऊन निकालात काढावेत आणि फवारणीने झालेल्या नुकसानीचा पंचनामा पीक उभे असतानाच करण्याची मुदत प्रशासनाने घालून द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, इंदूर