आमच्या ४०७ च्या मेस्त्रींना

मेस्त्रीकाका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असूदे रे" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

आमची ४०७, टाटांचा छोटा ट्रक, शेवटी भंगारात गेली. टाटांनी हे मॉडेल १९८६ ला आणलं, आमची त्यानंतरची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. आंब्याच्या हंगामात ती पेट्या घेऊन वाशीला पळायची, पण आम्हा पोरांसाठी ती गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जायचीच गाडी होती. शनिवारी संध्याकाळी गऱ्या, शिसं, तंगूस (गळाची नायलॉन दोरी) आणि कोलंबीचा डबा घेऊन सगळे मागे हौद्यात, भाट्याचा पूल ओलांडला की वारा नुसता कानात, मग पावसवरून पूर्णगड. मुचकुंदीच्या मुखाशी भरती चढायला लागली की खडकांवर तांबोशी मासळी लागायची, आणि तांबोशी गरीला लागली की काय ओढ असते ते ज्याने तंगूस हातात धरलाय त्यालाच माहीत!

हे सगळं तुमच्यामुळे झालं काका. खारं वारं पत्रा खातंच, आमच्या केबिनमध्ये तर पायाखालून रस्ता दिसायचा. दरवर्षी पावसाच्या आधी तुम्ही स्वतः गाडीखाली झोपून चॅसीला जळकं ऑइल मारायचात, स्प्रिंगचे पाटे बघायचात, नि बाबांकडे पैसे नसले तर "पेट्या गेल्या की द्या" म्हणायचात. ती गाडी एवढी वर्षं टिकली ती या ऑइलावर आणि तुमच्या उधारीवर.

आणि ती रात्र. सेल्फ (स्टार्टर) बोंबललेला म्हणून गाडी कायम उतारावर लावायचो, त्या दिवशी टाकीत डिझेलही कमी होतं आणि पाइपाने हवा ओढली, उतार संपला तरी इंजिन काही पकडेना. मध्यरात्र उलटून गेलेली, गावातल्या एका घरातून तुम्हाला फोन केला आणि तुम्ही तुमच्या एम-८० दुचाकीवर एवढ्या लांब आलात, एका शब्दाने काही बोलला नाहीत. टॉर्च बाबांच्या हातात दिलीत, हवा काढायला डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल केलात आणि मला डिझेलचा हातपंप मारायला बसवलंत. आधी नुसता फेस, मग मोठे बुडबुडे, मग थांबून थांबून, आणि मग एकदम सलग धार. "आता आवळ" म्हणालात, आणि तो स्क्रू मला आवळू दिलात. दहावीतल्या पोराला कोण हात लावू देतं हो इंजिनाला! आज मी पुण्यात डिझेल इंजिनांवरच काम करतो, त्याची सुरुवात तिथे झाली. बाबांनी पैसे पुढे केले तर तुम्ही बादलीतली एक तांबोशी तेवढी घेतलीत, तीही आम्ही सगळ्यांनी आग्रह केला म्हणून.

बाबा तुम्हाला दरवेळी म्हणायचे एकदा आमच्याबरोबर चला, तर शनिवारी तुमच्याकडे हमखास कुणाची तरी गाडी खोललेली असायची. आता गॅरेज मुलाने घेतलंय, त्यामुळे ते कारण चालणार नाही. दिवाळीत येतोय, भरतीची वेळ बघून ठेवा. गऱ्या आहेत, कोलंबी मी आणतो, गाडी भावाची पिकअप आहे आणि तिचा सेल्फ चालतो.

तुमचा,
हातपंपवाला