शनिवारचा सिनेमा : जेनिफर केंट (नक्की वाचा, मग परत विचारू नका)

मंडळी, येत्या शनिवारी संध्या. ६.३० ला नेहमीच्या कम्युनिटी हॉलमध्ये आपण 'द बाबाडूक' (२०१४) बघतोय. यावेळी पोरं आणू नका प्लीज, भूताचा आहे आणि मागच्या वेळी रात्रभर कोण झोपलं नाही ते सगळ्यांना माहितीये.

दिग्दर्शिका जेनिफर केंट, ब्रिस्बेनची, आधी ॲक्ट्रेस होती, सिडनीच्या नायडा या नाट्यशाळेतून शिकलेली. मग ॲक्टिंगचा कंटाळा आला, डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रायरला सरळ पत्र लिहिलं की मला शिकायचंय, आणि त्याने त्याच्या 'डॉगव्हिल' सिनेमाच्या सेटवर घेतलं पण! २००५ ला 'मॉन्स्टर' ही दहा मिनिटांची ब्लॅक अँड व्हाइट शॉर्टफिल्म केली, तीच पुढे बाबाडूक झाली. सेटसाठी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवरून साधारण ३० हजार डॉलर लोकांकडून जमवले. आणि ते अख्खं घर आपल्या ॲडलेडमध्ये बांधलेलं बरं का, त्या काळपट निळ्या भिंती नीट बघा, रंगसुद्धा घाबरवतो.

- शॉर्टफिल्म आधी, बरोबर ६.३० ला. उशिरा येणाऱ्यांनी मागच्या दाराने या, टॉर्च मारू नका
- चहा आहे, खायचं आपापलं
- येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नाव टाका, खुर्च्या ४० च आहेत

पुढच्या महिन्यात तिचाच 'द नाइटिंगेल' लावायचा का? व्हेनिस फिल्म फेस्टिव्हलला २०१८ मध्ये स्पेशल ज्युरी प्राइझ मिळालं होतं, पण १८२५ च्या टास्मानियातली हिंसा फार अंगावर येते, मला स्वतःला मध्येच उठावंसं वाटलं होतं. शनिवारी हात वर करून ठरवू.