भाट्ये किनाऱ्यावरील तांडेल काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझी शिडाची कयाक (अरुंद, लांबट होडी) भाट्याच्या पुळणीवर लावताना आपण व आपल्या सोबत्यांनी जी मदत केलीत, तिच्याबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दोन्ही बाजूंच्या उलांड्या (तोल सांभाळणारे तरंगते आधार), डोलकाठी, पाण्याचे कॅन आणि सामान धरून कयाकचे वजन शंभर किलोच्या पुढे जाते, आणि तळ आहे प्लास्टिकचा. रत्नागिरीच्या वाळूत इल्मेनाइट या खनिजाचे काळे कण आणि शिंपल्यांचा चुरा असतो, शिवाय गारेचे (क्वार्ट्झचे) कण तर प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. नाळ, म्हणजे पुढचे टोक, उचलून ओढत नेले की मागचे टोक दबते, सगळा भार वीतभर जागेवर येतो आणि तळ नेमका तिथेच झिजून अखेर फुटतो.

शीड गुंडाळून आणि तळातून पाण्यात उतरणारी मधली फळी वर घेऊन मी लाटांबाहेर थांबलो असताना आपण हात उंचावून थांबण्याची खूण केलीत. मोठ्या लाटांची रांग सरल्यावरच तो हात खाली आला, आणि मी एका लाटेच्या पाठोपाठ सरळ आत आलो. कयाक टेकताच ओढू पाहणाऱ्यांना आपण थांबवलेत. भरती चढती होती, म्हणून पाणी आले की सर्वांनी मिळून उचलायचे, दोन पावले सरकायचे आणि पाणी ओसरले की तिथेच धरून ठेवायचे, असे करत निम्मी पुळण समुद्रानेच पार करून दिली. आडव्या होऊ पाहणाऱ्या कयाकच्या किनाऱ्याकडील बाजूस उभ्या मुलांना आपण दरडावून बाजूला केलेत, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. लाटेने ढकललेले एवढे वजन पाय सहज मोडू शकते.

पुढे कोरड्या वाळूवर आपण सामान उतरवायला लावलेत आणि ओल्या झावळ्या आडव्या अंथरून, मागची मोकळी होताच पुढे टाकत, कयाक थेट सुरूच्या बनापर्यंत नेलीत. घरी तळ धुऊन पाहिला, तर मागच्या टोकावर नवा ओरखडा नाही.

आपण चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. आपली होडी वर घेण्याच्या दिवशी निरोप पाठवावा, मी हात लावायला अवश्य येईन.

आपला कृतज्ञ,
एक कयाकचालक