मिशी वाचवणाऱ्यांचे आभार

झोपेच्या तपासणीत आकडा आला ४२. म्हणजे तासाला बेचाळीस वेळा श्वास अडकत होता. ३० च्या पुढं गंभीर धरतात. घरी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) आलं आणि पहिले आठ दिवस मी मध्यरात्री मास्क ओढून फेकत होतो.

मिरजेत दवाखान्याच्या बाकावर एसटीतले निवृत्त ड्रायव्हर भेटले. "आधी दिवसा टीव्ही बघताना लावून बसा की," म्हणाले. कमी दाबानं सुरू होऊन हळूहळू चढणाऱ्या हवेचं रॅम्पचं बटणही त्यांनीच सांगितलं. काका, नाव विचारायचं राहिलं.

मास्कच्या दुकानातल्या ताईंचे तर पायच धरायला हवेत. मिशीतून हवा फुसफुसायची, म्हणून मी मिशी उतरवायला निघालो होतो. त्यांनी नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क दिला, मला तिथंच आडवं केलं, मशीन चालू ठेवून पट्टे दोन बोटं सैल केले. (मी आवळत होतो, तेवढं जास्त गळत होतं!) मिशी शाबूत.

आणि पावसात वीज गेली तेव्हा स्वतःच्या इन्व्हर्टरची वायर खिडकीतून देणारे विश्रामबागेतले शेजारी, तुम्हालाही नमस्कार.

आमची ही म्हणते, घोरणं थांबलं, आता शांततेनं मला झोप येईना.