पहिल्या सिनेमाच्या पैशाबद्दल

सोलापूर,
12 डिसेंबर

प्रिय संतोष,

पटकथा वाचली. शेवटावरून भेटल्यावर भांडू, आज फक्त पैशाचं बोलतो. तुझा हिशेब असा: बजेट 60 लाख, निम्मे जमले की शूटिंग सुरू, उरलेलं सरकारी अनुदानातून. यातलं अनुदान आधी खोड. राज्य सरकार सिनेमा काढायला पैसे देत नाही, काढलेल्या सिनेमाला देतं. आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र, मग अर्ज, मग समिती सिनेमा बघून दर्जा ठरवणार. मिळालंच तर देणी फिटतील. बजेटात त्याची जमा शून्य धर.

निम्म्या पैशांत सुरुवात तर अजिबात नको. शूटिंगला सगळे हौसेने येतात, उधारीही चालून जाते. सिनेमा अडतो तो पोस्टला, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामाला. एडिट, डबिंग, मिक्सिंग, कलर, डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत), यातलं काहीही उधारीवर होत नाही, बिल भागल्याशिवाय स्टुडिओ फाइल सोडत नाही. म्हणून 60 पैकी किमान 12 लाख पोस्टचे आणि 6 लाख आकस्मिक खर्चाचे, असे 18 लाख पहिल्या दिवसापासून बाजूला ठेव. आणि तुझ्या कागदावर प्रदर्शनाचा खर्च दिसलाच नाही! ट्रेलर, पोस्टर, जाहिरात, थिएटरची डिजिटल फी हे सगळं 60 च्या वर आहे.

शूटिंगचे दिवसही नीट मोज. 40 माणसं, 24 दिवस, चहा-नाश्ता आणि दोन जेवणं माणशी 400 धरली तर 3 लाख 84 हजार नुसते खाण्याचे. एक दिवस वाढला की 16 हजार इथेच गेले, त्यावर कॅमेरा-लाइटचं भाडं, जनरेटरचं डिझेल, लॉजच्या खोल्या. एप्रिल-मेचं शूटिंग मी म्हणूनच मोडीत काढतोय. आपल्याकडच्या उन्हात दुपारी युनिट बसून राहतं आणि शेड्यूल लांबतं.

आता पैसे कुणाकडून? अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलवाले, आडते, डॉक्टर. प्रत्येकी 5 लाख देणारे 12 जण मिळाले तर बजेट उभं राहतं. ही माणसं पटकथा वाचणार नाहीत, "मुद्दल कधी सुटणार?" एवढंच विचारतील. त्याचं उत्तर एका पानावर हवं. येणाऱ्या पैशातून आधी वितरकाचं कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च, मग सगळ्यांची मुद्दल ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे, त्यानंतरच्या नफ्यात निम्मा त्यांचा, निम्मा तुमचा. थिएटर, टीव्ही, ओटीटी, डबिंग, रिमेक, यातल्या कशाकशाचं उत्पन्न धरलंय ते नावानिशी लिही. पुढे भांडणं नेमकी तिथेच होतात. धोकाही सरळ लिही, की सिनेमा पडला तर मुद्दलही जाईल. भाचीला रोल द्या म्हणणारा एक तरी निघेलच, तेव्हा निवड दिग्दर्शकाची हेही कलम घाल.

"हमखास परतावा" हे शब्द तोंडातूनही काढू नकोस. ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा राज्याचा कायदा, एमपीआयडी, अशा आश्वासनांवरूनच मानगुटीवर बसतो. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढ, सिनेमाचं वेगळं चालू खातं उघड, सगळ्यांचे पैसे बँकेमार्फतच घे, रोखीत नको. 20 हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेतलंस तर आयकर तेवढाच दंड लावू शकतो. महिना शेकडा दोनच्या व्याजाने तर नकोच. 20 लाख उचललेस तर महिन्याला 40 हजार, दोन वर्षांत 9 लाख 60 हजार, आणि मुद्दल तशीच उभी.

क्राउडफंडिंग, म्हणजे लोकवर्गणी म्हटलं की सगळे श्याम बेनेगलांचा 'मंथन' काढतात: 1976, गुजरातचे 5 लाख दूध उत्पादक, प्रत्येकी 2 रुपये. पण तिथे दूध संघांचं जाळं आधीच विणलेलं होतं. तुझ्याकडे काय, शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप? नामावलीत नाव, पोस्टर, प्रीमियरचा पास या बदल्यात लोकांकडून जरूर घे, पण नफ्यातला वाटा अशा ग्रुपवर विकायचा नाही. खाजगी कंपनीला जाहीरपणे शेअर विकता येत नाहीत.

बाहेरचं म्हणशील तर रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स फंड पटकथेच्या टप्प्यावर 10 हजार युरो देतो, पण जगभरातून अर्ज येतात. एनएफडीसीचा, म्हणजे केंद्राच्या चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार गोव्यात नोव्हेंबरात भरतो. तिथे रोख कमी आणि ओळखी जास्त, तरी रफ कट (कच्चं संकलन) घेऊन जायला चांगली जागा. कथेचा सारांश, दिग्दर्शकाचं निवेदन, बजेट, पैसे कुठून आले याचा तक्ता, हे सगळं इंग्रजीत तयार ठेव. तक्त्यात "मिळाले" आणि "देतो म्हणाले" वेगवेगळं दाखव. मूळ कथा ज्यांची आहे त्यांच्याकडून हक्कांचं पत्र सहीनिशी आत्ताच घे, सिनेमा झाल्यावर भाव वाढतो.

इकडे कधी यायचं ते सांगतो. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या गडबडीत कुणी बसून ऐकणार नाही, मार्चमध्ये व्यापारी हिशेबात बुडालेले. फेब्रुवारीत ये. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतर, त्या एका पानाच्या पंधरा प्रती आण आणि त्याआधी कलमं वकिलाच्या नजरेखालून घाल. सीएची वेळ मी घेऊन ठेवतो.

तुझा,
विनायक